नाक्यापलीकडचं घर बघायचं असेल तर

२०२१ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआर अहवालाशिवाय पलीकडे सोडत नव्हते, तेव्हा कोल्हापूर-पुण्यात बसून बेळगावच्या टिळकवाडीतलं किंवा अनगोळमधलं घर बघायचं कसं, हा प्रश्नच होता. ही रीत तेव्हा कामाची ठरली, आजही चालते.

१. आधी काढून ठेवलेला व्हिडिओ घेऊ नका. थेट व्हिडिओ कॉल करा, तोही रस्त्यावरून, गेटातून आत, मध्ये कॅमेरा बंद न करता.

२. वीजमीटरजवळ थांबायला सांगा. हेस्कॉमच्या (तिथल्या वीज कंपनीच्या) बिलावर आर.आर. नंबर, म्हणजे वीजजोडणीचा नंबर, असतो. बिलाचा फोटो मागवून मीटर आणि मालकाचं नाव जुळवा. एजंट 'नंतर पाठवतो' म्हणाला तर तिथंच सावध व्हा.

३. बेळगावच्या पावसात भिंती खरं बोलतात. छताचे कोपरे, बाथरूममागची भिंत, खिडक्यांच्या खालची बाजू जवळून बघा. एकाच भिंतीला ताजा रंग दिसला तर कारण विचारा.

४. कर्नाटकच्या नोंदणी खात्याच्या कावेरी संकेतस्थळावरून ई.सी. (एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट, म्हणजे मालमत्तेवरच्या व्यवहारांचा आणि बोजाचा दाखला) काढा. फॉर्म १५ म्हणजे व्यवहाराच्या नोंदी आहेत, फॉर्म १६ म्हणजे त्या काळात नोंद नाही. कागद कन्नडमध्ये येतो. कन्नड नीट वाचणाऱ्या माणसाकडून, शक्यतो वकिलाकडून, वाचून घ्या.

सांभाळायचं एकच: ई.सी.त फक्त नोंदणी झालेले व्यवहार दिसतात. घरगुती वाटणी किंवा साध्या कागदावरचा करार त्यात सापडणार नाही. म्हणून मूळ कागदपत्रं वकिलानं बघेपर्यंत विसार पाठवू नका, मालक ओळखीतला असला तरी.