ऑड्री हेपबर्नकडून एकच गोष्ट उचला

जुन्या काळातल्या नटीचा पेहराव आवडतो, पण तसंच्या तसं नटलं की गॅदरिंगला निघाल्यासारखं दिसतं.

तिचे दहाएक फोटो समोर ठेवा, शक्यतो सिनेमाबाहेरचे, रोजच्या कपड्यांतले. पुन्हा पुन्हा काय दिसतं ते लिहून काढा. १९५०च्या दशकातली हॉलिवूडची नटी ऑड्री हेपबर्न घेतली तर घोट्याच्या वर संपणारी काळी अरुंद पँट, सपाट बॅले शूज, बोटनेक म्हणजे खांद्यापासून खांद्यापर्यंत जाणारा आडवा, उथळ गळा. दागिने जवळजवळ नाहीतच! यातली एकच गोष्ट निवडा आणि आधी स्वतःचं कपाट उपसा; जुनी काळी पँट दोन इंच आखूड केली तरी काम होतं. आठवडाभर वापरून बघा.

मात्र बोटनेक शिवून घेण्याआधी ओढणी खांद्यापासून खांद्यापर्यंत आडवी धरून आरशात पाहा. रुंद खांदे त्यात आणखी रुंद दिसतात.