लोकर-रेशीम मिक्स कातताय? आधी हे वाचा

पहिल्यांदाच घेताय तर ७०-३० वालं घ्या, म्हणजे ७० टक्के मेरिनो (मेरिनो मेंढीची मऊ, बारीक लोकर) आणि ३० टक्के रेशीम. ५०-५० दिसायला झकास पण हातातून सुळकन निसटतं. घाटावरून दख्खनी लोकर आणून त्यात रेशीम घालायचा मोह आवरा, ती घोंगडीचीच लोकर, जाडीभरडी, रेशमाची मजाच जाते.

सुरू करायच्या आधी हात बघा. नारळ सोलून, झावळ्या विणून खरखरीत झालेल्या बोटांना रेशीम जागोजाग अडकतं. साखर आणि खोबरेल चोळा, मग साबणाने नीट धुवा, तेल राहिलं तर फायबरला लागतं.

आता मेन गोष्ट. मेरिनोचा तंतू साधारण ७ ते १० सेंमी, रेशमाचा बहुतेक वेळा त्याहून लांब, त्यामुळे दोन हात जवळ ठेवले की तंतूची दोन्ही टोकं तुमच्याच मुठीत राहतात आणि मग कितीही ओढा, हलत नाही. इथे सगळे जोर लावतात. जोर नको, हात लांब न्या. तरी रेशीम पुढे पळत असेल आणि लोकर मागे राहत असेल तर वीतभर तुकडा तोडून तर्जनीवर घडी घाला आणि घडीच्या मधून कातायला लागा, दोन्ही सोबत येतात.

कापसाची छोटी टकळी यासाठी नको, ती फार जोरात फिरते, २५-३० ग्रॅमची लाकडी टकळी बरी. पेटी चरखा चालतो पण चाक हळू, नाहीतर सूत तारेसारखं कडक होतं. पीळ बघायचा असेल तर थोडं ताजं सूत सैल सोडा, ते स्वतःवरच वळतं, दुपदरी केल्यावर साधारण तसंच दिसणार.

धुताना कोमट पाणी आणि शाम्पू किंवा रिठा. सोडा अजिबात नाही, दोन्ही तंतू प्रोटीनचे, सोडा त्यांना खातो. चोळायचं पण नाही, लोकर घट्ट जमून बसते.

आणि आपला पाऊस! लोकर हाताला कोरडी लागली तरी वजनाच्या जवळपास ३० टक्के पाणी आत धरू शकते, त्यामुळे जून ते सप्टेंबर फायबर दबून चिकटतं, कातायच्या आधी हलकेच मोकळं करा. लडी धुतलीच तर पडवीत पंख्याखाली वाळवा आणि पूर्ण वाळल्यावरच सिलिका जेल टाकून हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर कसर लागते. डांबरगोळ्या नको बाबा, वास जाता जात नाही.