होडीच्या बुडाचा पोचा

नाथसागराचं पाणी ओसरलं तेव्हा आमची प्लास्टिकची छोटी होडी महिनाभर दोन दगडांवर ठेवली. चूक माझीच. बुडाला परातीएवढा पोचा पडला.

दाजी म्हणाले, "एम-सील लाव की." पण होडीचं प्लास्टिक पॉलिथिनचं, त्याला ते धरत नाही, पापुद्र्यासारखं निघतं. अन् चीर नव्हतीच.

होडी पालथी घालून पैठणच्या उन्हात दुपारभर तापवली; पोचा निम्मा आपोआप उचलला. उरलेल्यावर गोणपाट टाकून उकळतं पाणी ओतलं, खालून फळी लावून गाडीच्या जॅकनं रेटलं. होडीच उचलायला लागली, म्हणून दोन्ही टोकांवर पोरं बसवली! पहिल्यांदा जॅक घाईनं काढला, पोचा पुन्हा बसला. दुसऱ्यांदा गार पाणी मारून तासभर थांबलो.

आता होडी जुन्या टायरांवर ठेवतो.