सांगलीच्या उन्हाळ्यात टिकणारं ओव्हरक्लॉकिंग घरच्या घरी कसं करायचं

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर कंपनीनं ठरवलेल्यापेक्षा जास्त स्पीडनं पळवायचा. डिसेंबरात मी माझा रायझन ५ २६०० प्रोसेसर सगळ्या कोअरवर ४.१ गिगाहर्ट्झला नेला, व्होल्टेज १.३५, वर १२० एमएमचा टॉवर कूलर. खोलीत २० डिग्री होतं आणि फुल लोडला प्रोसेसर ७४ दाखवत होता. चार महिने एकदा पण हँग नाही. मग मे आला. आमची खोली वरच्या मजल्यावर, स्लॅबच्या खाली, सांगलीत मेमध्ये बाहेर चाळीसच्या आसपास असतं आणि स्लॅब दिवसभर तापलेला असल्यामुळे रात्री नऊला पण खोलीत ३७. मामेभावाच्या लग्नाचा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावलेला, निम्म्यात स्क्रीन काळी. परत लावला, परत काळी. त्या दिवशी जे कळलं तेच आज सांगायचंय, आपल्याकडं ओव्हरक्लॉक सेट करायचा तो मे महिन्यासाठी, थंडीत आकडा बघून खुश व्हायचं नाही.

हिशोब सोपा आहे. हवेवर चालणारा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही, तो फक्त खोलीच्या वर किती डिग्री चढायचं एवढंच ठरवतो. माझं डिसेंबरात ७४ वजा २० म्हणजे ५४ चा फरक होता. तोच ५४ मेच्या ३७ मध्ये मिळवा, ९१ झाले. त्यात चार महिन्यांची धूळ. या प्रोसेसरची मर्यादा ९५ आहे, आणि मर्यादेच्या आत असला तरी गरम प्रोसेसरला तोच स्पीड टिकवायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून डिसेंबरात पास झालेली सेटिंग मेमध्ये नापास. हा फरक, मी त्याला वहीत नुसतं 'फरक' लिहितो, तोच खरा आकडा. कोण सांगत असंल माझा प्रोसेसर ६५ च्या वर जात नाही तर आधी विचारा, खोलीत किती होतं?

आता पायरीपायरीनं करू.

सगळ्यात आधी आपल्या मशीनवर होतंय का ते बघा. सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका, त्यात प्रोसेसर आणि मदरबोर्डचं मॉडेल दिसतं. इंटेलमध्ये मॉडेलच्या शेवटी के असलेला प्रोसेसर आणि झेड चिपसेटचा बोर्ड लागतो. एएमडी रायझनचे जवळपास सगळे अनलॉक असतात पण बोर्ड बी किंवा एक्स मालिकेतला पाहिजे, ए३२० आणि ए५२० वर नाही होत. ५८००एक्स३डी पण लॉक आहे. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचा प्रोसेसर असंल तर कशालाही हात लावायच्या आधी बायोस (मदरबोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, सगळ्या सेटिंग त्यातच असतात) अपडेट करा, जास्त व्होल्टेजमुळं ते प्रोसेसर खराब होत होते आणि २०२४ मध्ये इंटेलने त्यासाठी मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, काढलाय. लॅपटॉप असंल तर ओव्हरक्लॉकच्या नादाला लागू नका, साफसफाई आणि पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मधला, उष्णता पुढं नेणारा लेप) एवढंच करा, तेवढ्यानं पण फरक पडतो. आणि एक, वॉरंटीत ओव्हरक्लॉकनं झालेलं नुकसान बसत नाही, हे माहीत असू द्या.

दुसरं, साफसफाई, ही पायरी कंटाळवाणी वाटते पण आपल्या भागात अर्धं काम हिथंच होतं. गळीत हंगामात फडात पाचट पेटवतात त्याची काजळी घरात येते, मार्केट यार्डाकडं राहणाऱ्या माझ्या मित्राच्या पुढच्या जाळीवर हळदीच्या दिवसात खरोखर पिवळा थर असतो. कॅबिनेट गॅलरीत न्या, ब्लोअर मारा, पण मारताना फॅनची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर फॅन भलत्या स्पीडनं फिरून बेअरिंग जातं. मग कूलर काढा, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, नवीन पेस्ट वाटाण्याएवढी, आणि स्क्रू एकदम एकच आवळायचा नाही, समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचं. रायझनच्या एएम४ सॉकेटला कूलर काढताना कधी कधी प्रोसेसर पेस्टला चिकटून सॉकेटमधनं सुटून येतो आणि पिना वाकतात, म्हणून काढायच्या आधी दहा मिनिटं मशीन लोडवर तापवा, बंद करा, आणि कूलर सरळ न ओढता हळू पिळत काढा.

ते करतानाच वायरमनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर ओव्हरक्लॉक बाजूला राहू द्या, आधी ते नीट करा. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) पण नाव नसलेला, कॅबिनेटबरोबर फुकट आलेला असंल तर हिथंच थांबा, लोड वाढला की पहिला तोच जातो आणि जाताना बोर्डाला घेऊन जातो.

तिसरं, वही. भिंतीवर लावायचा साधा थर्मामीटर कॅबिनेटच्या हवा आत घेणाऱ्या बाजूला ठेवा. काहीही न बदलता सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरला पूर्ण लोड देऊन स्कोअर दाखवणारं सॉफ्टवेअर) अर्धा तास चालवा, तापमान आणि स्पीड दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवा, आणि लिहा: खोली किती, प्रोसेसर जास्तीत जास्त किती, सगळ्या कोअरवर स्पीड किती, स्कोअर किती. हे नसंल तर पुढं आपण कमावलं का गमावलं ते कळतच नाही. फोटो, कागदपत्रं, पोरांचे प्रोजेक्ट, सगळ्याचा बॅकअप पण आत्ताच घ्या, अस्थिर मशीन फाइल गुपचूप खराब करू शकतं.

चौथं म्हणजे बायोस. स्पीड म्हणजे १०० मेगाहर्ट्झची बेस क्लॉक गुणिले मल्टिप्लायर. ४१ मल्टिप्लायर म्हणजे ४.१ गिगाहर्ट्झ. बेस क्लॉकला हात लावू नका. १९९८ साली सेलेरॉन ३००ए आला तेव्हा मल्टिप्लायर लॉक होता म्हणून लोकांनी बस ६६ वरनं १०० केली आणि ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५० वर पळवला, पण आजच्या बोर्डात त्याच घड्याळावर बाकीची पण कामं चालतात, ते हललं की एसएसडीपर्यंत त्रास होतो. तर रॅमचं एक्सएमपी (रॅम जास्त स्पीडला चालवायची तयार सेटिंग) सध्या बंद करा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. माझ्या २६०० साठी मी ३८ मल्टिप्लायर आणि १.२५ व्होल्ट फिक्स अशी सुरुवात केली. सेव्ह, विंडोज, सिनेबेंच दहा मिनिटं. पास झालं की पाव मल्टिप्लायर वर. कुठंतरी क्रॅश होईल किंवा विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए, म्हणजे हार्डवेअरच्या, एरर दिसतील, मग एकतर अर्धा मल्टिप्लायर खाली या, नाहीतर व्होल्टेज ०.०१२५ नं वाढवा. या प्रोसेसरला मी रोजच्या वापरात १.३५ च्या पुढं जात नाही. बाकी पिढ्यांना हे आकडे लागू नाहीत, आपल्या मॉडेलचे आकडे बघूनच करा.

व्होल्टेज हा लई महागाचा विषय आहे. उष्णता स्पीडच्या प्रमाणात वाढते पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. माझाच हिशोब करून बघा. १.३५ वरनं १.२५ वर आलो आणि ४.१ वरनं ३.९५ वर, स्पीड गेला साडेतीन टक्के, उष्णता गेली सतरा टक्के. ५४ चा फरक ४५ वर आला, म्हणजे ३७ च्या खोलीत ८२. लग्नाचा व्हिडिओ त्याच रात्री पूर्ण एक्स्पोर्ट झाला. आणि कंपनीचा एका कोअरचा बूस्टच ३.९ आहे, त्यामुळं सगळ्या कोअरवर ३.९५ म्हणजे तोटा कुठंच नाही. रायझन ५००० आणि पुढच्यांना मात्र असा फिक्स मल्टिप्लायर लावला की एका कोअरचा मोठा बूस्ट मरतो, त्यांना पीबीओ आणि कर्व्ह ऑप्टिमायझर या बायोसमधल्या एएमडीच्या सेटिंगमधनं व्होल्टेज कमी करणं जास्त फायद्याचं.

मशीन चालूच झालं नाही तर घाबरू नका. बोर्ड दोन-तीनदा स्वतःच प्रयत्न करून जुन्या सेटिंगवर येतो, नाही आला तर प्लग काढून बोर्डावरचा गोल सेल पाच मिनिटं काढून ठेवा.

शेवटी एक तास ओसीसीटी किंवा प्राइम९५ ही लोड चाचणी, मग एक्सएमपी चालू, मग रात्रभर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६. त्या वेळी व्हीआरएमकडं (प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणारे बोर्डावरचे भाग) पण बघा. कंपनीचा बसका कूलर वरनं खाली हवा मारतो, त्यात व्हीआरएमला आपोआप वारा लागतो. टॉवर कूलर हवा आडवी मारतो, प्रोसेसर गार आणि शेजारचं व्हीआरएम भाजतंय असं होतं, स्वस्त बी४५० बोर्डावर तर हमखास. मी वरच्या बाजूला ८० एमएमचा जुना फॅन केबल टायनं बांधलाय, एवढ्यावर काम झालं.

आता कूलिंगचे प्रयोग, मला खरी मजा यातच येते.

पुढची काच काढून जाळी लावली, फरक ६ डिग्रीनं कमी. पुढच्या फॅनपासून कूलरपर्यंत पुठ्ठ्याचा बोगदा केला, अजून ४. खर्च चिकटपट्टीचा. खोलीत पाण्याचा कूलर लावून खोली ३७ वरनं ३० वर आणली तर प्रोसेसर पण बरोबर ७ नं उतरतो, पण कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, हवेबरोबर बारीक थेंब येतात आणि बोअरचं पाणी असंल तर त्यातले क्षार बोर्डावर बसतात.

मग डोक्यात माठ आला. माठात पाणी गार होतं तर त्यातनं पाइप फिरवून प्रोसेसर का गार होऊ नये? आधी हिशोब केला. एक ग्रॅम पाणी उडून जाताना साधारण २४०० जूल उष्णता घेऊन जातं. माठातनं दिवसाला लिटरभर पाणी उडतं धरलं तर ते झाले २८ वॉट, आणि माझा प्रोसेसर लोडला शंभरच्या पुढं. शंभर वॉट उचलायला तासाला दीडशे मिली पाणी उडालं पाहिजे. म्हणजे माठ बाद, वारा पाहिजे आणि पाण्याचा पृष्ठभाग पाहिजे. म्हणून झाकणाची बादली, वरनं शॉवरची चाळणी, मध्ये कूलरचं गवत, बाजूनं फॅन, तळाला १२ व्होल्टचा पंप आणि प्रोसेसरवर जुना तांब्याचा वॉटर ब्लॉक (आतनं पाणी फिरणारा ठोकळा) असं जोडलं. २३० व्होल्टची कूलरची मोटर स्वस्त मिळते पण कॉम्प्युटरला जोडलेल्या पाण्यात ती सोडायची नाही. भंगारातला बाइकचा रेडिएटर पण नको, तो अॅल्युमिनियमचा असतो आणि तांब्याच्या ब्लॉकबरोबर एका पाण्यात आला की गंजायला लागतो. जोडणी झाल्यावर आधी फक्त पंप एक दिवसभर चालवा, खाली वर्तमानपत्र अंथरा, कागद कोरडा राहिला तरच मशीन चालू करा.

मेमध्ये कोरड्या हवेत हा प्रकार अफाट चालला. ४० डिग्री आणि २० टक्के आर्द्रता असंल तर ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर २२-२३ दाखवतो, उडणारं पाणी त्या दिशेनं गार होत जातं. माझं पाणी लोडला २८ वर थांबलं आणि प्रोसेसर ६१ वर, खोली ३७ असताना. आणि या पद्धतीत पाइपावर दव धरत नाही, कारण उडून गार होणारं पाणी त्याच हवेच्या दवबिंदूखाली जातच नाही. बर्फ टाकला की मात्र तो नियम संपला, पावसाळ्यात साताऱ्याकडच्या दमट हवेत तर बर्फाच्या पाण्याचा पाइप बाहेरनं गळायलाच लागतो, आणि ते थेंब बोर्डावर. बर्फ टाकूच नका.

जूनला पाऊस सुरू झाला आणि बादलीचा फायदा संपला, हवेतच पाणी असल्यावर बादलीतलं उडणार कुठं. पाण्याला हिरवा बुळबुळीत थर पण आला. पाणी उडतं पण क्षार मागं राहतात, म्हणून आरओचं किंवा बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर वापरून पण दर पंधरा दिवसांनी सगळं बदलावं लागायचं. रोजच्या मशीनला मी हे लावून ठेवणार नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांना बरोबर घेऊन करायला मात्र यासारखा प्रयोग नाही, बाष्पीभवन पुस्तकात वाचलेलं डोळ्यासमोर आकड्यात दिसतं.

आज मशीन ३.९५ आणि १.२५ वर बारा महिने चालतं, सेटिंग लिहिलेली चिठ्ठी कॅबिनेटच्या दाराला आतनं चिकटवलीय. पाडव्याच्या आवराआवरीत आणि खंडेनवमीला पूजेच्या आधी ब्लोअर मारतो, दहा मिनिटं सिनेबेंच चालवतो आणि वहीत फरक लिहितो. जाळी आणि बोगद्यानंतर तो ३५ आहे. ३८ किंवा जास्त दिसला तर जाळीत धूळ, साफ करून पण ४० च्या खाली आला नाही तर पेस्ट वाळलीय, कूलर उतरवायचा.