करंट अकाउंटचा तक्ता वाचायचा कसा

"व्यापार तूट वाढली" अशी बातमी आली रे आली की देश बुडाला म्हणून बोंब सुरू होते. जरा दम धरा. व्यापार तूट म्हणजे नुसता वस्तूंच्या आयात-निर्यातीतला फरक, करंट अकाउंट (देशाचा परदेशाशी चालू देण्याघेण्याचा हिशोब) त्याहून बराच मोठा, त्यात वस्तूंबरोबर सेवा येतात (सॉफ्टवेअर, पर्यटन, जहाजभाडं वगैरे), मग बाहेर लावलेल्या पैशावरचं व्याज-डिव्हिडंड, तसंच परक्यांना आपण देतो ते, आणि बाहेर गेलेली माणसं घरी पाठवतात तो पैसा. तर आधी सेंट्रल बँक किंवा सरकारी सांख्यिकी खात्याच्या साईटवरून बॅलन्स ऑफ पेमेंट्सचा (परदेशाशी झालेल्या सगळ्या व्यवहारांचा) तक्ता घ्या आणि वस्तू, सेवा, गुंतवणुकीवरचं येणं-देणं आणि घरी पाठवलेला पैसा हे चार कप्पे वेगवेगळे मांडा. जपानचंच बघा, 2022 ला वस्तूंच्या व्यापारात दणदणीत तूट होती तरी करंट अकाउंट प्लसमध्येच, कारण बाहेरच्या गुंतवणुकीतून येणारं उत्पन्नच तेवढं आहे.

कस्टम्सचा दर महिन्याचा आकडा या तक्त्याशी जुळत नाही म्हणून डोकं खाजवू नका. बहुतेक देशांत कस्टम्सवाले आयात मोजताना भाडं आणि विमा धरतात, या तक्त्यात ते वस्तूंमधून काढून सेवांमध्ये टाकतात.

मग करंट अकाउंटचा आकडा जीडीपीच्या टक्क्यात बघा, नुसते अब्ज डॉलर बघून काहीच कळत नाही. तिमाहीची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करायची, सीझनचा फरक मोठा असतो. आणि निर्यात वाढली म्हणतात तेव्हा माल जास्त गेला की नुसता भाव वाढला हे तपासा, तेल विकणाऱ्या देशांच्या बाबतीत तर हमखास.

तूट कमी झाली की टाळ्या वाजवायची घाई पण नको. ग्रीसची करंट अकाउंटची तूट 2008 ला जीडीपीच्या जवळपास 15 टक्के होती, पुढे ती आटली, पण सुरुवातीला मुख्यतः आयात कोसळल्यामुळे, म्हणजे लोकांनी खरेदीच बंद केली होती. याला सुधारणा म्हणायचं का, तुम्हीच ठरवा.

आता खरी मेख. तूट भरून कशातून निघतेय? त्यासाठी तक्त्यात खाली फायनान्शियल अकाउंट (गुंतवणूक आणि कर्जाच्या रूपात आलेला-गेलेला पैसा) बघायचं, लोक नेमकं तेच सोडून देतात. ऑस्ट्रेलिया 1975 पासून 2019 पर्यंत जवळपास सतत तुटीत होता, काही बिघडलं नाही, कारण येणारा पैसा बराचसा लांब पल्ल्याचा आणि कर्ज मुख्यतः स्वतःच्या चलनातलं किंवा हेज केलेलं (चलनाचा भाव बदलला तरी फटका बसू नये अशी सोय केलेलं). उलट थायलंडची तूट 1996 ला जीडीपीच्या 8 टक्क्यांच्या आसपास होती आणि ती अल्पमुदतीच्या डॉलर कर्जावर चालली होती, ते कर्ज देणारे मागे फिरले आणि जुलै 1997 ला बाटचा (तिथल्या चलनाचा) भाव बाजारावर सोडावा लागला. म्हणून कारखान्यात येणारा पैसा किती, शेअरबाजारात येऊन पळू शकणारा किती, वर्षाच्या आत फेडायचं कर्ज किती हे वेगळं काढा, आणि परकीय गंगाजळी किती महिन्यांच्या आयातीला पुरेल तेही (3 महिने हा जुना ठोकताळा आहे).

हे आकडे नंतर बदलतात बरं का, कधीकधी बरेच. मागे डाऊनलोड केलेल्या फाईलवर नवीन तिमाही चिकटवू नका, दरवेळी पूर्ण सिरीज नव्याने घ्या.