फळे आणि भाज्यांचा रस घरी कसा काढावा आणि किती प्यावा

पुण्यातल्या बागांबाहेर आणि टेकड्यांच्या पायथ्याशी सकाळी दुधी, कारले, बीट आणि गव्हांकुराचा रस विकायला असतो आणि फिरून आलेली मंडळी तो उभ्याउभ्या घेतात. रस पिऊ नये असे माझे म्हणणे नाही, परंतु पेल्यात काय उतरते आणि चोथ्याबरोबर काय टाकून दिले जाते, हे जाणून मगच तो प्यावा, असे मला कळकळीने वाटते.

आधी प्रमाण ठरवावे. एका पेल्याला तीन-चार संत्री लागतात. तेवढी सोलून खायला बसल्यास दुसऱ्याच संत्र्याला पोट भरत येते, रस मात्र चार घोटांत संपतो. तंतुमय भाग गाळणीत राहतो आणि साखर सगळी पेल्यात येते, म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातल्या साखरेची गणना मधातल्या साखरेसारखी ‘मुक्त साखरेत’, म्हणजे मर्यादेतच घ्यायच्या साखरेत, करते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार 100 मिलिलिटर उसाच्या रसात 13 ते 15 ग्रॅम साखर असते आणि प्रौढांनी दिवसाला 30 ग्रॅमच्या वर साखर घेऊ नये. म्हणजे रसवंतीगृहातला एक मोठा पेला दिवसाची मर्यादा जवळजवळ गाठतो. माझ्या मधुमेही मावशीने चहातली साखर निग्रहाने सोडली होती, पण मोसंबीचा रस रोज पेलाभर चालू होता, कारण तो ‘औषधी’ आहे अशी तिची समजूत होती. आता ती एक मोसंबी सोलून फोडी खाते. घरच्या रसातही तीन भाग काकडी, टोमॅटो, पालक यांसारख्या भाज्या आणि एक भाग फळ घ्यावे, वरून साखर घालू नये आणि अर्ध्या पेल्यावर थांबावे.

धुण्यात घाई करू नये. रस आपण उकळत नाही, त्यामुळे सालीवरचे किंवा पाण्यातले जंतू तसेच पोटात जातात. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएस (गुलियन बॅरे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा दूषित पाण्याची धास्ती आपण सर्वांनीच अनुभवली. भाज्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुवाव्यात, रसात घालायचे पाणी उकळून गार केलेले असावे आणि बाहेरचा बर्फ टाळावा.

दुधी असेल तर पुढची पायरी कधीही वगळू नये. दोन्ही टोकांची आणि मधली अशी पातळ चकती कापून जिभेच्या टोकावर ठेवावी, आणि किंचितही कडवटपणा जाणवल्यास थुंकून सगळा दुधी टाकून द्यावा. हा कडवटपणा कुकुरबिटासिन या विषारी घटकांमुळे येतो. अशा रसाने उलट्या आणि जुलाब होतात, रक्ताची उलटी होऊ शकते, रक्तदाब घसरतो आणि माणसे दगावलीही आहेत. त्यावर उतारा नाही, म्हणून त्रास सुरू होताच रुग्णालय गाठावे. दुधी आणि कारल्याचा रस एकत्र करू नये, कारण कारल्याच्या कडूपणात दुधीचा कडूपणा लपतो.

ज्यूसरपेक्षा मिक्सर बरा. थोडे पाणी घालून वाटावे आणि गाळू नये, म्हणजे तंतू टिकतात. गाजर-टोमॅटो बारीक वाटल्याने त्यांतले कॅरोटिन शरीराला अधिक सहज मिळते, आणि सोबत चमचाभर दाण्याचे कूट किंवा जेवणातले तूप असले तर आणखीच. चावता न येणाऱ्या वृद्धांना किंवा पालेभाजीला तोंड न लावणाऱ्यांना रसाचा खरा आधार होतो. वाटल्यावर क जीवनसत्त्व हवेने कमी होत जाते, म्हणून रस लगेच प्यावा. बीटाच्या रसानंतर लघवी लालसर झाली तर घाबरू नये. मात्र रसाने ‘शरीराची सफाई’ होते हा दावा सोडून द्यावा. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे अखंड करीतच असतात.

मुतखडा झालेल्यांनी पालक आणि बीटाचा रोजचा रस टाळावा, कारण त्यांत मुतखडा बनवणारे ऑक्झलेट पुष्कळ असते. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पोटॅशियममुळे, आणि रक्त पातळ करण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्यांतल्या के जीवनसत्त्वामुळे, डॉक्टरांना विचारूनच रस सुरू करावा. वर्षाच्या आतल्या बाळाला फळांचा रस देऊ नये.

एवढे करूनही गाळावे लागलेच, तर गाजर-बीटाचा चोथा त्याच दिवशी थालीपिठाच्या भाजणीत मळावा. ओवा आणि हिरवी मिरची घातली की थालीपीठ खमंग होते आणि गाळणीत राहिलेले तंतू पुन्हा ताटात येतात.