कूलर गावीच ठेवून या

विदर्भातून नोकरीसाठी मुंबईत येणारी मंडळी अजूनही सामानाबरोबर कूलर घेऊन येतात, आणि पुढे तो गॅलरीत धूळ खात पडतो. अकोल्या-नागपूरच्या कोरड्या उन्हात पारा ४५ अंशांवर गेला, तरी वाळ्याच्या ताट्यांतून येणारा वारा गार लागतो, कारण तिथे पाणी झपाट्याने उडून जाते. इथे मे महिन्यातही पारा बहुधा ३३-३४ च्या आसपासच असतो. परंतु हवेतच इतका ओलावा असतो की कूलरने खोली गार होण्याऐवजी अधिक दमट होते आणि अंगावरचा घाम वाळत नाही. ‘हे काय ऊन आहे!’ असे म्हणणारे आपलेच लोक पहिल्या ऑक्टोबरात सर्वांत आधी हैराण होतात. पश्चिमेकडे एक खिडकी आणि तिच्या समोरच्या भिंतीत दुसरी असेल, तर दुपारचे ऊन सोसावे लागले तरी समुद्राचा वारा खेळता राहतो आणि पंख्यावर भागते.

घराची खरी परीक्षा मात्र पावसाळ्यात होते, आणि मी नेमका तिथेच फसलो. मे महिन्यात तळमजल्यावरची स्वस्त खोली पाहिली आणि दलालाच्या शब्दावर विसंबून साध्या कागदावरच्या करारावर सही केली. जुलैत एका दुपारी खोलीत गुडघाभर पाणी शिरले. पलंगाखालच्या ट्रंकेतली पदवीची मूळ प्रमाणपत्रे भिजली आणि मी खोली सोडली, तेव्हा घरमालकाने डिपॉझिटही परत केले नाही. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, की नाल्यांचे पाणी समुद्रात उतरू शकत नाही आणि हिंदमाता, किंग्ज सर्कल यांसारख्या सखल भागांत ते साचत जाते. म्हणून पाण्याविषयी दलालाला विचारूच नका. गल्लीतल्या वाण्याला किंवा इस्त्रीवाल्याला विचारा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्या दिवशी पाणी कुठवर चढले, हे जुने रहिवासी भिंतीवर हात ठेवून दाखवतात. विजेचे मीटर किती उंचीवर बसवले आहेत, तेही पाहा.

भाडेकरार नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि नोंदणीकृत लेखी करार नसल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. हे मला डिपॉझिट बुडाल्यानंतर कळले.

नळाला पाणी किती वाजता आणि किती वेळ येते, ते आधीच विचारून घ्या. लोकलचा पास पहिल्याच दिवशी काढा, आणि बोरिवलीला उतरायचे असेल तर गर्दीच्या वेळी विरार लोकलमध्ये चढू नका, पुढे जाणाऱ्यांच्या गर्दीतून उतरणे कठीण होते. पावसाळ्यात कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून ठेवा. चामड्याचे बूट, पट्टे आणि लग्नातला कोट यांवर आठवडाभरात बुरशी चढते.